पडद्यावरचं पाणी

बाभूळदरा, व्हाया सुपा, जि. अहमदनगर
१८ नोव्हेंबर १९७३

कु. शोभा जोर्वेकर, माहितीपट विभाग, टेलिव्हिजन केंद्र, मुंबई, यांस

स. न. वि. वि.

हे पत्र मी प्रेक्षक म्हणून लिहितो आहे. बाप म्हणून लिहायला बसलो असतो तर पहिल्या ओळीतच भांडण झालं असतं, आणि तुझी आई म्हणते की दोन वर्षं अबोला झाला तेवढा पुरे.

आमच्या ग्रामपंचायतीला दिवाळीनंतर सरकारकडून टेलिव्हिजनचा संच मिळाला. शाळेच्या मोठ्या खोलीत ठेवलाय. पेटीला दार, दाराला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. मी निवृत्त झालो तरी गावाची समजूत अशी की गुरुजींच्या हातातली वस्तू इकडची तिकडे होत नाही. छपरावर उंच बांबूला तारांचा सांगाडा बांधलाय. वारा सुटला की तो सिंहगडावरच्या टेलिव्हिजन मनोऱ्याकडे पाठ फिरवतो आणि बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं फुटतात. मग आमचे सरपंच कानिफनाथ धोतर खोचून स्वतः वर चढतात.

परवा राजूरच्या बाजारावरचा माहितीपट लागला. तो तू केलायस हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी पाट्या आल्या, त्यांत तुझं नाव आलं, आणि कानिफनाथांनी ते मोठ्याने वाचलं. सगळी खोली माझ्याकडे वळली. मी गावात सांगून ठेवलं होतं की शोभा मुंबईला सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे. टेलिव्हिजन म्हटलं की लोकांना तमाशा-सिनेमातलंच काहीतरी वाटेल, म्हणून तसं सांगितलं होतं. मी घाईघाईने पेटीचं दार लावायला उठलो, तर मागून आवाज आला की गुर्जी, अजून बातम्या राहिल्यात. एवढा ओशाळलो की किल्ली हातातून पडली.

आता प्रेक्षकाचं मत. बाजार चांगला दाखवलास. हिरडा विकायला आलेला म्हातारा व्यापाऱ्याच्या तराजूकडे ज्या नजरेने बघतो ते फार खरं आहे. पण डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणारी ती बाई. तिने पडद्यावर पाऊल ठेवलं मात्र, आमच्या बायकांत हशा पिकला. आपल्या शेजारची गोजरबाई म्हणाली, "आवो, हंडा रिता हाय. भरल्या हंड्याखाली बाई अशी मान वळवून बघंल व्हय?" तू गावातली मुलगी. पाण्याचे हाल दाखवायचे आणि हंडा भरायचा कंटाळा करायचा, हे तुला शोभलं नाही. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिण्यापेक्षा फळा कोरा ठेवावा, असं मी मुलांना सांगत असे.

कळावे.

आपला,
मा. ना. जोर्वेकर
सेवानिवृत्त मुख्याध्यापक

ता. क. खोकला गेला का, असं तुझी आई विचारते. मी विचारत नाही.

---

बाभूळदरा
९ डिसेंबर १९७३

चि. शोभास आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. उजेड उतरत होता, घाई झाली, हंडा रिकामाच होता, चूक झाली, असं तू सरळ लिहिलंस. चूक कबूल करण्याची सवय तुला आईकडून आलेली दिसते. माझ्या घराण्यात ती नाही.

पत्र लिहाल तेव्हा मत देत जा, असं लिहितेस, म्हणून देतो. रागावू नकोस.

शेतकऱ्यांचा कार्यक्रम गाव न चुकता बघतं. त्यात कोणी तज्ज्ञ चकचकीत बूट घालून रानात उभे राहतात आणि सांगतात की गव्हाला या वेळी हलकं पाणी द्यावं. इकडे मागून कोणीतरी विचारतं, कंचं पानी. तो प्रश्न तुमच्याकडे ऐकू जात नाही, हा या यंत्रातला मोठा दोष आहे.

चर्चा बघवत नाहीत. तीन गृहस्थ खुर्च्यांत बसतात आणि एकमेकांना बरोबर आहे, बरोबर आहे म्हणतात. सगळंच बरोबर असेल तर घरी जावं. नाटकात नायिका रडत रडत भिंतीला टेकली आणि भिंत हलली. तरी ती रडतच राहिली, त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटलं. कुटुंबनियोजनाचा माहितीपट लागला तेव्हा पुरुष आढ्याकडे बघत बसले आणि बायका पदराआडून एकूण एक बघत होत्या. तो चांगला होता, पण पुन्हा दाखवाल तेव्हा आधी सांगा, म्हणजे मी किल्ली सरपंचांकडे देईन.

परदेशातला एक होता, बर्फातल्या पक्ष्यांचा. काळा कोट, पांढरी छाती, चालणं तुरुतुरु. पारनेरच्या कोर्टात खेटे घातलेली मंडळी म्हणाली, हे तर वकील. मला मात्र तो सगळ्यांत आवडला. कारण त्या पक्ष्यांना कोणी काही शिकवून ठेवलेलं नव्हतं. आपल्याकडच्या माहितीपटांतला माणूस तोंड उघडायच्या आधी डोळे मिटून पाठ केलेलं आठवतो. मी पस्तीस वर्षं मुलांची तोंडं बघितली आहेत, मला ते ओळखू येतं.

तुझी आई मेतकूट पाठवते आहे. पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर देईन.

मा. ना. जोर्वेकर

---

बाभूळदरा
२० जानेवारी १९७४

चि. शोभास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मी नाही ठेवली, पण खाल्ली.

टँकरवर जगणाऱ्या गावाचा माहितीपट करायचा आहे आणि तो आपल्या गावात करावा असं मनात आहे, म्हणतेस. यंदा सगळीकडे पडला तेव्हाही पावसाने पारनेरला हुलकावणी दिली हे खरं. टँकर येतो. 'या वेळी हंडे भरलेले असतील' असं तू लिहिलंयस त्याचं बरं वाटलं. कानिफनाथांना सांगितलं. त्यांनी ग्रामसभा बोलावली आहे. एवढीशी बाब आणि ग्रामसभा, पण गावाला टेलिव्हिजनवर यायचं म्हणजे लग्नघराची गडबड असते.

येताना किती माणसं, किती ताटं, ते कळव. कॅमेरावाले काय खातात?

मा. ना. जो.

---

बाभूळदरा
१७ फेब्रुवारी १९७४

चि. शोभास आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस हे कळलं. तुम्ही गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

सगळं नीट झालं. गावाने अंगणं सारवली होती, शाळेला चुना दिला होता, रांगोळ्या होत्या. डेप्युटीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्ही करायचो तसंच. बायका लग्नातली लुगडी नेसून आल्या तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस की रोजचं नेसा. त्या काही ऐकणार नव्हत्या. फोटो काढायचा तर आपल्याकडे माणूस चांगलंच नेसतं, त्यात खोटं काही नाही.

विहिरीला पाणी बघून तुला नवल वाटलं. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहितो. दुष्काळी कामावर वरच्या अंगाला नालाबांध घातला, त्याचं पाणी मुरत मुरत आता विहिरीला लागलं. असं होतं. भूगोलाच्या पुस्तकातही आहे. टँकर येतो तो सरकारने खबरदारी म्हणून चालू ठेवलाय, एवढंच. मग तू तुझ्या वहीतलं सगळं खोडून नव्याने लिहायला घेतलंस, आणि टँकरच्या गावाऐवजी विहीर जिवंत झालेल्या गावाचा माहितीपट करायचं ठरवलंस. काय करायचं ते तू जाणतेस. मी त्यात बोललो नाही.

बादली पाण्यात बुडाल्याचा आवाज कॅमेरावाल्यांना फार आवडलेला दिसला. तीनदा घेतला.

गोजरबाईची तू चौकशी करत होतीस. त्या दिवशी तिला बरं नव्हतं.

तुझ्या माणसांसमोर तू मला गुरुजी म्हणालीस. सगळं गाव म्हणतं तसंच. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, मीच तर तुझी नोकरी गावापासून लपवली होती. तुझ्या आईला मात्र ते लागलं.

मा. ना. जो.

---

बाभूळदरा
१७ मार्च १९७४

चि. शोभास आशीर्वाद.

माहितीपट पाहिला. शाळेच्या खोलीत माणूस मावेना, खिडक्यांत लोक उभे. प्रत्येकाला आपलं घर दिसलं की तो शेजाऱ्याला कोपराने ढोसायचा. टाळ्या पडल्या. कानिफनाथांनी पेढे वाटले, कारण त्यांच्या पुतण्याची सोयरीक सोनईच्या बागायतदाराकडे जुळली आहे. मुलीचा बाप म्हणाला म्हणे की गावाला पाणी आहे, आता हरकत नाही.

प्रेक्षक म्हणून माझं मत विचारशील तर निवेदकाचा आवाज चांगला आहे. पण एक वाक्य जरा जास्त झालं. 'टँकरचा भोंगा या गावात आता कुणालाच ऐकावा लागणार नाही.' ते आधी मला दाखवलं असतंस तर मी काढायला सांगितलं असतं. आता दाखवून झालं म्हणा.

मला शेवटपर्यंत बघवलं नाही. डोळे चुरचुरत होते. डोळे आले असावेत.

तू छान करतेस, शोभा. हे आधीच लिहायला हवं होतं आणि या माहितीपटावर लिहायला नको होतं.

नाना

---

बाभूळदरा
१४ एप्रिल १९७४

चि. शोभास,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे. आईला दाखवलेलं नाही.

विहिरीत पाणी नव्हतं. मार्गशीर्षातच ती आटली होती. तू वाकून पाहिलंस ते पाणी टँकरचं होतं. दोन खेपा आम्ही विहिरीत ओतल्या होत्या.

ग्रामसभेत कानिफनाथ उभे राहिले आणि म्हणाले, "गुर्जी, टीव्हीवर कोरडी हीर दिसली तर आमच्या पोरान्ला पोरगी कोन देईल? टँकरच्या गावात कोनी लेक टाकतंय व्हय?" ते खरं आहे. वरच्या आळीत लग्नाची सात-आठ मुलं बसून आहेत. पण म्हणून मी कबूल झालो असं तुला सांगितलं तर तेही खोटं होईल. कानिफनाथांना विहीर फक्त झाकून टाकायची होती. तिकडे कॅमेरा वळू नये एवढंच. भरायचं डोकं माझं. तपासणी आली की मी सुप्याच्या शाळेतली हुशार मुलं आणून पहिल्या बाकावर बसवत असे. साहेब शेरा चांगला देऊन जायचे, मुलं संध्याकाळी आपल्या शाळेत परत जायची, कोणाचं काही बिघडायचं नाही. ही विहीरही मी तशीच पहिल्या बाकावर बसवली. तू मुंबईची माणसं घेऊन येणार, त्यांच्यासमोर तुझ्या बापाचं गाव भिकारी दिसू नये, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ती युक्ती सुचल्याचा आनंद झाला होता.

ते गावाचं प्यायचं पाणी होतं. तळाला मुरूम आहे, त्यात ते टिकणार नव्हतं हे मला माहीत होतं. तुमची गाडी ओढ्यापलीकडे गेली आणि संध्याकाळी विहिरीत चिखल उरला. पुढची खेप येईपर्यंत बायका लांबच्या खाणीतलं हिरवं पाणी वाहत होत्या, लग्नातली लुगडी घडी करून ठेवून.

गोजरबाईला बरं नव्हतं हे मी खोटं लिहिलं. टँकर विहिरीत रिकामा केला तेव्हा ती हंडा घेऊन शेजारी उभी होती. ती मला म्हणाली, "गुर्जी, माझ्या वाटचं पानी तुमी पोरीला दाखवाया वतलं. दाखवा. मी बघाया येनार न्हाई." तिने हे सगळ्यांसमोर म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता पुढचं. पाडव्यानंतर टँकर यायचा थांबला. डिझेल मिळत नाही, त्यामुळे जिथे गरज नाही तिथल्या खेपा काढून दुसऱ्या गावांना द्यायचं वरून ठरलं, आणि गरज नाही त्यांत पहिलं नाव आपलं. तालुक्याच्या साहेबांच्या घरी संच आहे. त्यांनी तुझा माहितीपट पाहिला होता.

मी कचेरीत गेलो. सगळं सांगितलं, जसं तुला सांगतो आहे तसं. कारकून भला माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "गुरुजी, साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो तुमच्या मुलीनेच काढलाय ना? मग मुलीला खोटं पाडायला आलात का?" अर्ज द्या, पाहणी होईल, म्हणाला. अर्ज दिला. पाहणीला कोणी फिरकलं नाही. मी तोंडाने सांगतोय त्यावर त्यांचा विश्वास नाही आणि तू जे दाखवलंस त्यावर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

बायका रोज खाणीवर जातात. मागल्या आठवड्यात गोजरबाई उतारावर पडली. हात मोडला. नगरला नेऊन प्लास्टर घातलं. मी भेटायला गेलो तर तिने मला बसा म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

शोभा, हे फक्त तुमच्या पडद्यावरच निस्तरता येईल. तू कॅमेरा घेऊन ये. कोरडी विहीर घे, आणि मी तिथे उभा राहून सांगतो की हे मी केलं. यात तुझ्या नोकरीला काय होईल ते मला कळत नाही असं नाही. तुझा माहितीपट खोटा होता हे तुलाच दाखवावं लागेल. दोन वर्षं मला तुझ्या नोकरीची लाज वाटली, आणि आता ती नोकरी मीच धोक्यात घातली आहे. तू नाही म्हणालीस तरी मला बोलायला तोंड नाही.

नाना

---

बाभूळदरा
१२ मे १९७४

चि. शोभास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चारच ओळी होत्या. त्यातली एक मला पाठ झाली आहे. 'मी विहिरीत वाकून पाहिलं तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात.' मी उभा होतो. तू पडशील म्हणून तुझा दंड धरला होता. रिकाम्या हंड्यावरून तुला शिकवणारा मीच, आणि तू माझ्या शब्दावर वही खोडलीस, कारण जगात इतर कोणीही खोटं बोललं तरी मी बोलणार नाही असं तुला वाटत होतं. ते वाटणं मी घालवलं.

तू आलीस याबद्दल काय लिहू? रजा काढून, एकाच कॅमेरावाल्याला गळ घालून आलीस. घरी जेवायला आली नाहीस. आईने भाकरी विहिरीवर आणली, ती तू उभ्याने खाल्लीस. आईशी बोललीस, गोजरबाईच्या प्लास्टरवरून हात फिरवलास. गावाने या वेळी काही सारवलं नव्हतं. कानिफनाथ दार लावून घरात बसले होते.

मी चार पानं लिहून आणली होती. तू कागद मागून घेतलेस आणि घडी करून पिशवीत टाकलेस. मग मी सन एकोणीसशे बहात्तरच्या पर्जन्यमानापासून सुरुवात केली. तू कॅमेरा थांबवायला लावलास आणि म्हणालीस की फिल्म मोजकीच आहे. शिकलेला माणूस लाज वाटली की इतिहासात शिरतो. नंतर तू मला विचारलंस आणि मी उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

जीपमध्ये बसताना तू मागे पाहिलंस का, हे मला दिसलं नाही. धूळ फार होती.

नाना

---

बाभूळदरा
२ जून १९७४

चि. शोभास अनेक आशीर्वाद.

काल तो दाखवला. प्रेक्षकाचं मत लिहितो.

माहितीपट छोटा आहे, संगीत नाही, ते बरं केलंस. विहिरीच्या तळाला तडा गेलेला चिखल आणि त्यात पडलेली कोणाची तरी चप्पल, हे फार खरं आहे. गोजरबाई छान बोलली. तिला काही विचारायची गरज पडली नाही. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून तिने सांगितलं की खाणीचं पाणी फडक्यातून दोनदा गाळलं तरी त्याला वास येतो, आणि मग ती उठून गेली. तू तिची रिकामी जागा तशीच राहू दिलीस. त्या जागेकडे बघणं फार जड गेलं.

त्यातला म्हातारा मात्र मला आवडला नाही. त्याला नीट उभं राहता येत नाही. तो सारखी टोपी सरळ करतो. विहिरीकडे पाठ करून उभा आहे, वळून बघ म्हटलं तरी वळत नाही. पहिल्यांदा बोलतो तेव्हा आम्ही, आम्ही करतो, जणू सगळ्या गावाने मिळून खोटं रचलं. मग मागून एका मुलीचा आवाज येतो. ती पडद्यावर दिसत नाही.

"नाना, तुम्ही खोटं का बोललात?"

म्हातारा म्हणतो, "पाहुण्यांपुढे लाज जाऊ नये म्हणून."

"पाहुणे कोण होते?"

तो बराच वेळ टोपीशी चाळा करतो. मग म्हणतो, "तू."

एवढंच आहे. संपल्यावर मी पेटीला कुलूप लावलं. लोक एकेक करून बाहेर पडले. पूर्वी जाताना येतो गुर्जी म्हणायचे, काल कोणी म्हटलं नाही. किल्ली मी कानिफनाथांकडे द्यायला गेलो, तर ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, आता लपवायला काय ऱ्हायलंय. पुतण्याची सोयरीक मोडली आहे. आज सकाळीच सोनईहून निरोप आला, दोन वाक्यांचा. त्यांनी मला बोल लावला नाही, आणि तो लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

आज दुपारी टँकर आला. तालुक्याचे साहेब जीपमधून पुढे आले होते, त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. बायकांच्या रांगेत मी तुझ्या आईची घागर घेऊन शेवटी उभा राहिलो. गोजरबाईने मला पुढे घेतलं नाही, मागेही ढकललं नाही. तिची घागर तिला एका हाताने उचलवेना, तेव्हा मी हात लावला. तिने लावू दिला.

तुझं आईला आलेलं पत्र मी वाचलं. माझ्यासाठी नव्हतं, तरी वाचलं. तुला माहितीपटांवरून काढून पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवलं आहे हे त्यातून कळलं. आधीचा खोटा दाखवल्याबद्दल तेवढी शिक्षा व्हायचीच, असं तू लिहिलंयस. तुझी चूक एकच, तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तू कॅमेरा घेऊन फिरायचीस तेव्हा मला लाज वाटायची. आता तू खुर्चीत बसून लोकांची पत्रं फोडतेस याची वाटते, आणि ही लाज पहिल्यासारखी नाही. पहिली मी तुझ्यावर ढकलू शकत होतो.

आणखी एक गोष्ट त्या पत्रात होती. तुझ्या वरिष्ठांनी तुला 'नाना' हा शब्द कापायला सांगितला होता. घरचं नातं पडद्यावर कशाला, एक मास्तर खोटं बोलला एवढं पुरे, असं ते म्हणाले. विहिरीवर तू मला तशी हाक मारलीस तेव्हा मला वाटलं होतं, घाईत तोंडातून निघून गेली असेल, मुंबईला गेल्यावर कापशील. कात्री तुझ्याच हातात होती. कापला असतास तर मुंबईच्या कोणा प्रेक्षकाला कळलं नसतं की खोटं बोलणारा तो माणूस तुझा कोण लागतो. तू कापला नाहीस.

माझी शिक्षा म्हणून ठेवलास की आणखी कशासाठी, हे विचारायचा मला अधिकार नाही, आणि मी विचारणारही नाही. शिक्षा असेल तर ती बरोबर आहे. विहिरीवरची ती हाक सोडली तर अडीच वर्षांत तुझ्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. काल ऐकला तो सगळ्या गावाबरोबर बसून, मान खाली घालून. पण ऐकला.

तुझा,
नाना